न्यूमोकॉकसचे ‘वाहक’ कोण? एचआयव्हीसह जगणाऱ्या प्रौढांविषयी संशोधन काय सांगते

एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तीच्या आरोग्याचा विषय निघाला की आपल्या मनात पहिले नाव येते ते क्षयरोगाचे. ते स्वाभाविकही आहे. परंतु आफ्रिका खंडातील रुग्णालयांच्या प्रौढ विभागांत गेली तीन-चार दशके क्षयरोगाच्या जोडीने आणखी एका जिवाणूने असंख्य बळी घेतले आहेत. त्याचे नाव आहे न्यूमोकॉकस. न्यूमोनिया, मेंदूच्या आवरणाचा दाह (मेनिंजायटिस) आणि रक्तातील जंतुसंसर्ग हे तीन गंभीर आजार त्याच्यामुळे होतात. हाच जिवाणू कोट्यवधी निरोगी माणसांच्या नाकात कोणताही त्रास न देता राहतो.

या दुसऱ्या गोष्टीमुळे एक नाजूक प्रश्न उभा राहतो. एचआयव्ही असलेल्या प्रौढांच्या नाकात हा जिवाणू अधिक प्रमाणात आढळतो, असे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. मग त्यांच्यामुळे घरातील मुलांना, शेजाऱ्यांना किंवा मंदिरात बाजूला बसणाऱ्यांना धोका आहे काय? ‘वाहक’ हा शब्द ऐकताच अनेकांच्या मनात भीती उभी राहते, म्हणून या प्रश्नाचे उत्तर शास्त्राच्या आधारेच शोधले पाहिजे.

न्यूमोकॉकस म्हणजे काय?

या जिवाणूचा शोध १८८१ साली दोन शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे जाहीर केला. एक होते फ्रान्सचे लुई पाश्चर आणि दुसरे अमेरिकन सैन्यातील डॉक्टर जॉर्ज स्टर्नबर्ग. स्टर्नबर्ग यांना तो सापडला तो कोणा रुग्णाच्या नव्हे, तर स्वतःच्या लाळेत. ते स्वतः निरोगी होते, परंतु त्यांची लाळ टोचलेले ससे मात्र दगावले. म्हणजे या जिवाणूच्या इतिहासातील पहिल्या ज्ञात वाहकांपैकी एक त्याचा संशोधकच होता!

सूक्ष्मदर्शकाखाली हे जिवाणू जोडीजोडीने दिसतात. प्रत्येकाभोवती साखरेच्या रेणूंपासून बनलेले एक जाड कवच असते. या कवचामुळे आपल्या शरीरातील पांढऱ्या पेशींना तो सहजासहजी गिळता येत नाही. कवचाच्या रासायनिक घडणीनुसार या जिवाणूचे शंभर किंवा त्याहून अधिक उपप्रकार ओळखले गेले आहेत. त्यांतील मोजकेच उपप्रकार बहुतांश गंभीर आजारांना कारणीभूत ठरतात. लसी बनविल्या जातात त्या प्रामुख्याने याच उपप्रकारांविरुद्ध.

वास्तव्य वेगळे, आजार वेगळा

नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या बाजूस जो ओलसर भाग असतो, तेथे न्यूमोकॉकस आपले बिऱ्हाड थाटतो. काही दिवस वा काही आठवडे तेथे राहून तो निघून जातो आणि कालांतराने दुसरा एखादा उपप्रकार त्याची जागा घेतो. या मुक्कामाच्या काळात त्या व्यक्तीला बहुधा काहीच जाणवत नाही, किंवा फार तर थोडी सर्दी होते. शास्त्रीय भाषेत या अवस्थेला ‘वहन’ म्हणतात. खोकणे, शिंकणे व निकटचा सहवास यांद्वारे जिवाणू एकाकडून दुसऱ्याकडे जातो.

वहन म्हणजे आजार नव्हे, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. मात्र बहुतेक वेळा आजाराची वाट वहनातूनच जाते. नाकातील जिवाणू फुफ्फुसात उतरला तर न्यूमोनिया होतो, रक्तात शिरला तर रक्तदोष होतो आणि रक्तावाटे मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचला तर मेनिंजायटिस होतो. शरीराची संरक्षक यंत्रणा शाबूत असेल तर असे क्वचितच घडते. फ्लूसारख्या विषाणूने श्वसनमार्गाला इजा केली किंवा रोगप्रतिकारक शक्ती क्षीण झाली, तर धोका वाढतो.

वहन तपासण्याची पद्धत साधी आहे. एक बारीक लवचीक काडी नाकपुडीतून हळूच मागपर्यंत नेऊन तेथील स्राव घेतला जातो. तो साय काढलेल्या दुधाची पूड, ग्लुकोज व ग्लिसरॉल असलेल्या द्रवात अतिथंड तापमानात जपून ठेवतात आणि नंतर रक्तमिश्रित माध्यमावर त्याची वाढ करतात. अलीकडे पीसीआर या जनुकीय चाचणीचाही वापर केला जातो. त्यामुळे जिवाणू आहे की नाही याबरोबरच तो किती संख्येने आहे, हेही समजते.

एचआयव्हीमुळे काय बदलते?

एचआयव्ही हा विषाणू सीडी-४ नावाच्या पेशींवर हल्ला करतो. या पेशी जणू संरक्षक सैन्याच्या सेनापती होत. कोणत्या जंतूला ओळखायचे, त्याच्याविरुद्ध कोणती प्रतिद्रव्ये तयार करायची आणि कोणत्या पेशींना कामाला लावायचे, याची दिशा त्या देतात. नाकाच्या आतल्या अस्तरात बस्तान बसवू पाहणाऱ्या न्यूमोकॉकसला हुसकावून लावण्यातही त्यांचा वाटा असतो.

मलावी देशातील ब्लँटायर शहरात झालेल्या अभ्यासांतून असे दिसले की, एचआयव्ही असलेल्या प्रौढांमध्ये न्यूमोकॉकसला ओळखणाऱ्या सीडी-४ पेशींचा प्रतिसाद फार लवकर दुबळा होतो. एकूण सीडी-४ पेशींची संख्या अद्याप चांगली असतानाच ही घट सुरू झालेली असते. एआरटी म्हणजे एचआयव्हीविरोधी औषधोपचार सुरू केल्यावर पेशींची संख्या वाढते आणि रुग्णाची प्रकृती सुधारते, परंतु न्यूमोकॉकसविरुद्धची ती विशिष्ट स्मृती वर्षभराच्या उपचारानंतरही पूर्णपणे भरून येत नाही. एखाद्या गावाची घरे पुन्हा उभी राहिली, परंतु वाटा ओळखणारी जुनी माणसे परत आली नाहीत, असाच काहीसा हा प्रकार आहे.

याचे परिणाम दोन. पहिला, एचआयव्ही असलेल्या प्रौढाच्या नाकात जिवाणू अधिक काळ आणि अधिक संख्येने राहू शकतो. दुसरा आणि अधिक गंभीर म्हणजे, तो जिवाणू फुफ्फुसात वा रक्तात शिरण्याचा धोका त्या व्यक्तीलाच अनेक पटींनी अधिक असतो. एआरटीमुळे हा धोका बराच कमी होतो, परंतु एचआयव्ही नसलेल्यांच्या पातळीवर पूर्णपणे उतरत नाही.

मलावीतून आलेले आकडे

मलावीने नोव्हेंबर २०११ मध्ये बालकांसाठी तेरा उपप्रकारांविरुद्धची संयुग्मित न्यूमोकॉकल लस राष्ट्रीय कार्यक्रमात आणली. वयाच्या सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात ती देण्यात येऊ लागली. बालकांच्या नाकातून जिवाणू हटला की तो घरातील मोठ्या माणसांपर्यंतही पोहोचणार नाही, अशी अपेक्षा होती. ज्यांनी लस घेतलेली नाही त्यांनाही अशा रीतीने मिळणाऱ्या संरक्षणास अप्रत्यक्ष किंवा सामूहिक संरक्षण म्हणतात.

ही अपेक्षा कितपत पूर्ण झाली हे पाहण्यासाठी २०१५ ते २०१८ या काळात ब्लँटायरमध्ये वारंवार पाहण्या करण्यात आल्या. एआरटी घेणाऱ्या १८ ते ४० वर्षे वयाच्या एचआयव्हीबाधित प्रौढांमध्ये, लसीत समाविष्ट असलेल्या उपप्रकारांचे वहन १५.२ टक्क्यांवरून ८.९ टक्क्यांवर आले. घट निश्चितच झाली. परंतु लस सुरू होऊन सात वर्षे उलटली तरी दर शंभरांपैकी सुमारे नऊ प्रौढांच्या नाकात तेच उपप्रकार आढळावेत, ही संशोधकांना चिंतेची बाब वाटली. लसीकरण झालेल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांमध्येही हे प्रमाण १९.९ वरून केवळ १६.७ टक्क्यांपर्यंत उतरले होते. म्हणजे जिवाणूचा मुख्य साठा अजूनही बालकांमध्येच टिकून होता आणि तेथूनच तो मोठ्यांकडे येत राहिला, असे मानण्यास जागा आहे.

दक्षिण आफ्रिकेतील घराघरांतला अभ्यास

आता आपण मूळ प्रश्नाकडे वळू. एचआयव्हीसह जगणारे प्रौढ घरातील इतरांना हा जिवाणू अधिक प्रमाणात देतात काय? त्याचे उत्तर शोधण्यासाठी दक्षिण आफ्रिकेतील एक ग्रामीण व एक शहरी अशा दोन वस्त्यांत २०१६ ते २०१८ या काळात मोठ्या चिकाटीने अभ्यास करण्यात आला. निवडलेल्या कुटुंबांतील प्रत्येकाच्या नाकातील स्राव आठवड्यातून दोनदा, सुमारे दहा महिने तपासण्यात आला. एकंदर १,६८४ व्यक्तींनी त्यात भाग घेतला. त्यांत ७२६ प्रौढ होते आणि त्यांपैकी २१४ जणांना एचआयव्ही होता. यांतील बहुतेकांची सीडी-४ पेशींची संख्या चांगली होती.

पहिले निरीक्षण वयासंबंधीचे होते. पाच वर्षांखालील मुलांमध्ये वहनाचे प्रमाण वेगवेगळ्या तपासण्यांत ५७ ते ८० टक्क्यांच्या दरम्यान होते, पाच ते सतरा वर्षांच्या मुलांमध्ये ३२ ते ५० टक्के, तर सर्व प्रौढांमध्ये मिळून केवळ १२ ते २३ टक्के. म्हणजे या जिवाणूचे सर्वांत मोठे वाहक घरातील चिमुकलेच असतात.

दुसरे निरीक्षण एचआयव्हीसंबंधीचे. एचआयव्ही असलेल्या प्रौढांच्या नाकात जिवाणूचा मुक्काम सरासरी ११.४ दिवस राहिला, तर एचआयव्ही नसलेल्या प्रौढांमध्ये ६ दिवस. जिवाणूंची संख्याही पहिल्या गटात अधिक होती. एआरटी घेणाऱ्यांमध्ये मात्र हा मुक्काम लक्षणीयरीत्या आखूड झालेला दिसला.

तिसरे निरीक्षण सर्वांत महत्त्वाचे आहे. ज्या घरात एचआयव्ही असलेला प्रौढ राहतो त्या घरातील लहान मुलांना आणि ज्या घरात तसा प्रौढ नाही त्या घरातील लहान मुलांना, न्यूमोकॉकस होण्याची शक्यता जवळजवळ सारखीच आढळली. मुक्काम दुप्पट लांबला तरी एचआयव्हीबाधित आई-वडिलांकडून मुलांना जास्तीचा धोका पोहोचल्याचे दिसले नाही. घरातील माणसांची संख्या जितकी अधिक तितकी जिवाणू मिळण्याची शक्यता अधिक, हे मात्र स्पष्ट झाले. भीतीवर आधारलेल्या अनेक समजुतींना या निष्कर्षाने परस्पर उत्तर दिले आहे.

प्रौढांसाठी लस आहे काय?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. युगांडातील एन्टेबे येथे सुमारे चौदाशे एचआयव्हीबाधित प्रौढांवर तेवीस उपप्रकारांविरुद्धच्या जुन्या पद्धतीच्या, म्हणजे केवळ कवचातील शर्करेपासून बनविलेल्या लसीची चाचणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले आणि ते निराशाजनक होते. लसीने संरक्षण तर दिले नाहीच, उलट लस घेतलेल्यांत न्यूमोनियाचे प्रमाण काहीसे अधिक आढळले. ही चाचणी एआरटी सहज उपलब्ध होण्यापूर्वीची होती, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

पुढे संयुग्मित लस आली. हिच्यात कवचातील शर्करा एका प्रथिनाला जोडलेली असते. त्यामुळे सीडी-४ पेशींची मदत मिळते आणि शरीराची स्मृती अधिक टिकाऊ होते. ब्लँटायर येथे गंभीर न्यूमोकॉकल आजारातून बरे झालेल्या ४९६ जणांवर या लसीची चाचणी झाली. त्यांतील बहुसंख्य एचआयव्हीसह जगणारे होते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, लसीतील उपप्रकारांमुळे पुन्हा होणारा गंभीर आजार तिने ७४ टक्क्यांनी कमी केला. अमेरिकेत २०१२ पासून एचआयव्ही असलेल्या प्रौढांना संयुग्मित लस देण्याची शिफारस आहे. ज्या देशांत या आजाराचा बोजा सर्वाधिक आहे, तेथील प्रौढांपर्यंत मात्र तिची किंमत व तिचा पुरवठा या दोन अडचणींमुळे ती फारशी पोहोचलेली नाही. ज्यांना तिची सर्वाधिक गरज आहे तेच रांगेत शेवटी उभे आहेत, ही या कहाणीतील खरी वेदना होय.

भारत आणि महाराष्ट्र

भारतात एचआयव्हीसह जगणाऱ्यांची संख्या सुमारे २५ लाख आहे आणि राज्यांचा विचार केल्यास सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात आहे. एप्रिल २००४ पासून शासनाने मोफत एआरटी देण्यास प्रारंभ केला आणि २०१७ पासून, सीडी-४ संख्या कितीही असली तरी निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण स्वीकारले.

न्यूमोकॉकल लस भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात २०१७ साली काही राज्यांत आली व २०२१ मध्ये देशभर पोहोचली. बालकास दीड महिना, साडेतीन महिने व नऊ महिने पूर्ण होताच ती मोफत दिली जाते. नऊ महिन्यांचा अखेरचा डोस हा वर्धक डोस होय. मलावीच्या २०११ सालच्या वेळापत्रकात तो नव्हता. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने दहा उपप्रकारांविरुद्धची ‘न्यूमोसिल’ ही संयुग्मित लस तयार केली. आफ्रिकेतील गांबिया देशात तिची चाचणी झाली आणि डिसेंबर २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता तिला मिळाली. महाराष्ट्राच्या भूमीत तयार होणारी लस गरीब देशांतील बालकांच्या श्वासाचे रक्षण करू शकते, ही आपल्यासाठी समाधानाची गोष्ट आहे.

आपण काय करावे?

जे बंधु-भगिनी एचआयव्हीसह जगत आहेत त्यांनी एआरटी एक दिवसही चुकवू नये. वहनाचा काळ व आजाराचा धोका दोन्ही कमी करणारे हे सर्वांत प्रभावी साधन आहे. सीडी-४ संख्या कमी असताना डॉक्टर कोट्रायमोक्साझोल हे औषध देतात, तेही त्यांच्या सल्ल्याशिवाय थांबवू नये. न्यूमोकॉकल व फ्लूच्या लसीविषयी आपल्या एआरटी केंद्रातील डॉक्टरांना अवश्य विचारावे. धूम्रपान सोडावे. थंडी वाजून ताप, छातीत दुखणे, दम लागणे, गंजासारख्या रंगाचा बेडका, तीव्र डोकेदुखी व मान ताठणे यांपैकी कोणतेही लक्षण दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. घरगुती उपायांत घालवलेला एक दिवसही महाग पडू शकतो.

नाकात जिवाणू असेल या शंकेने कोणीही आपल्या मनाने प्रतिजैविके घेऊ नयेत. निव्वळ वहनावर उपचार करण्याची सहसा गरज नसते. तशी औषधे घेतल्याने जिवाणू निर्ढावतो आणि खऱ्या आजाराच्या वेळी औषध लागू पडेनासे होते.

इतर सर्वांचीही जबाबदारी आहे. आपल्या बालकांचे तिन्ही डोस वेळेवर पूर्ण करावेत. ते त्यांच्याबरोबरच घरातील आजी-आजोबांचे व प्रतिकारशक्ती कमी असलेल्या प्रत्येकाचे रक्षण करतात. सर्दी-खोकला असताना तोंडावर रुमाल वा मास्क धरावा, हात धुवावेत, खोल्यांत हवा खेळती ठेवावी आणि चुलीचा धूर घरात कोंडू देऊ नये. आजाऱ्याच्या भेटीस जाताना आपल्यालाच सर्दी-ताप असेल, तर भेट दोन दिवस पुढे ढकलणे हेच त्याच्यावरचे प्रेम होय.

‘वाहक’ या शब्दाचे ओझे

प्रिय वाचकहो, वरील माहितीचा अर्थ लावताना दिशा चुकता कामा नये. न्यूमोकॉकसच्या बाबतीत ‘वाहक’ आपण सारेच असतो, कोणी सहा दिवस, कोणी अकरा दिवस. बालवाडीतून घरी येणारे आपले गोजिरवाणे नातवंड तर वर्षातील बहुतेक काळ वाहक असते, पण म्हणून त्याला कोणी दूर ढकलत नाही. एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत धोक्याची दिशा बहुतांशी आपल्याकडून तिच्याकडे अशी आहे. आपल्याला जी साधी सर्दी वाटते ती तिच्यासाठी रुग्णालयाची पायरी ठरू शकते.

मिस्सामध्ये शेजारी बसल्याने, शांतिचिन्ह देताना हात हातात घेतल्याने अथवा एका पंगतीत जेवल्याने एचआयव्ही होत नाही. तसेच कोणाची एचआयव्हीची स्थिती त्याच्या संमतीविना इतरांना सांगणे किंवा त्या कारणावरून त्याला नोकरी, शिक्षण, उपचार वा निवारा नाकारणे हा २०१७ च्या एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायद्याचा भंग आहे. हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. कायद्याच्या आधीही ख्रिस्ताच्या अनुयायांना या बाबतीत कायद्याची वाट पाहण्याचे कारण नव्हते. बहिष्कृत कुष्ठरोग्याला हात लावून बरे करणाऱ्या प्रभूचे आपण शिष्य आहोत.

भेदभावाची भीती वाटली की माणूस तपासणी टाळतो, औषधाच्या रांगेत उभे राहण्यास लाजतो, गोळ्या लपवतो आणि अखेर त्या घेणेच सोडून देतो. मग सीडी-४ पेशी घटतात आणि नाकात निमूटपणे राहणारा जिवाणू फुफ्फुसात उतरतो. अशा मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया असे लिहिले जाते, परंतु त्यामागचे एक कारण आपल्या वागणुकीत दडलेले असू शकते. आपल्या धर्मग्रामातील अशा प्रत्येक कुटुंबाला उपचार नियमित घेण्यास लागणारे धैर्य, सोबत आणि गोपनीयता आपण देऊ शकलो, तर ते कोणत्याही लसीइतकेच मोलाचे साहाय्य ठरेल.